स्केटिंग रिंकवरची माणसं रेखाटताना: मागे धावू नका, एक जागा धरा

प्रश्न असा आहे: उभी किंवा बसलेली माणसं बऱ्यापैकी जमतात, पण हिवाळ्यात स्केटिंग रिंकच्या कडेला वही उघडली की डोकं काढून होईपर्यंत माणूस पुढे निघून जातो. उरलेलं अंग आठवणीतून पूर्ण केलं तर बर्फावर पुतळा उभा केल्यासारखं दिसतं. शिवाय वीस-पंचवीस मिनिटांत बोटं बधिर होतात आणि पेन चालेनासं होतं. काय करावं?

हात जास्त वेगाने चालवून हे सुटणार नाही. रिंकवर गेलेला माणूस परत येतो, आणि सगळी पद्धत त्यावर उभी करायची आहे. आंतरराष्ट्रीय मापाचं रिंक ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असतं. कठड्यापासून तीनेक मीटर आत राहून मारलेली फेरी साधारण १४५ मीटरची होते. सेकंदाला तीन मीटर अशा रमतगमत वेगाने जाणारा पन्नासेक सेकंदांत पुन्हा तुमच्यासमोर असतो. सराईत चाळीस सेकंदांच्या आत येतो, नवखा दीड मिनिटाने. म्हणजे एकच माणूस अर्ध्या तासात तीस-पस्तीस वेळा त्याच जागेवरून, जवळजवळ त्याच ढंगात जातो. हलत्या माणसांच्या रेखाटनात इतकी सोय क्वचितच मिळते, म्हणून मला हा विषय नवशिक्यांसाठीसुद्धा चांगला वाटतो.

तेव्हा नजरेने कोणाच्याही मागे जाऊ नका. समोरच्या कठड्यावरच्या दोन खुणा निवडा, उदाहरणार्थ एक खांब आणि एक फलक. त्यांच्यामधला चार-पाच मीटरचा पट्टा ही तुमची चौकट. माणूस चौकटीत शिरला की बघायचं, बाहेर पडला की कागदाकडे वळायचं. बघताना हात थांबलेला आणि काढताना डोळे कागदावर, असं सुरुवातीला कटाक्षाने पाळा. दोन्ही एकदम करायला गेलं की चालू क्षणाचे पाय आणि आधीच्या क्षणाचे हात एकाच आकृतीत मिसळतात. पुतळा तिथेच तयार होतो.

एका वेळी एकच आकृती पूर्ण करायचा हट्टही सोडा. पानावर चार-पाच अर्धवट आकृत्या उघड्या ठेवा: एक कठडा धरून चाललेला, एक सरळ घसरत जाणारा, एक वळणावर झुकलेला, एक हातात हात घातलेली जोडी. चौकटीत जो येईल तो ज्या आकृतीशी जुळेल, तिच्यात दोन-तीन रेषा घालायच्या. पाय एकाचे, खांदे दुसऱ्याचे, टोपी तिसऱ्याची झाली तरी बिघडत नाही. हालचाल एकाच प्रकारची असली की आकृती खरी वाटते.

कुठे थांबायचं हेही विचारपूर्वक ठरवा. सार्वजनिक वेळेत बहुतेक रिंकवर लोक घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. लांब बाजूच्या मध्याशी उभं राहिलात तर जवळची माणसं डावीकडून उजवीकडे जातात आणि त्यांची बाहेरची, म्हणजे उजवी बाजू दिसते. पलीकडच्या कडेची माणसं उजवीकडून डावीकडे जातात. तुमच्या डाव्या हाताच्या टोकाला सगळे वळून तुमच्याकडे तोंड करून येतात, उजव्या हाताच्या टोकाला पाठ करून दूर जातात. सुरुवात उजव्या टोकापासून करा. पाठमोऱ्या माणसाला चेहरा नसतो, त्यामुळे डोळे-नाक काढायचा मोह होत नाही, खांद्यांची आणि कमरेची तिरपी रेषा स्वच्छ दिसते, आणि तो दूर जात असल्याने कागदावरची त्याची जागा फारशी सरकत नाही. तुमच्याकडे तोंड करून येणारा प्रत्येक क्षणी मोठा होत असतो. तो सर्वांत अवघड, त्याला शेवटी घ्या.

आता पहिली रेषा कुठली? डोक्यापासून सुरुवात करायची सवय इथे अडचणीची आहे. बर्फावर शरीराचा सगळा तोल एका पायावर असतो, म्हणून पहिली रेषा आधाराच्या पायाची: ब्लेड, म्हणजे बुटाखालची धातूची पट्टी, जिथे बर्फाला टेकलंय तिथून वर, वाकलेल्या गुडघ्यातून, खुब्यातून, पाठीतून डोक्यापर्यंत एकच ओघ. दुसरी रेषा ढकलणाऱ्या पायाची. तिसरी खांद्यांची तिरकी रेषा, जिच्यावरून हात कुठे असतील ते आपोआप ठरतं. तीन रेषा, फार तर तीन सेकंद. डोक्याचा अंडाकार त्यानंतर. या तीन रेषा खऱ्या असतील तर पुढची दहा मिनिटं कपडे चढवता येतात, खोट्या असतील तर कितीही छटा दिल्या तरी आकृती चालत नाही.

ढकलणाऱ्या पायाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात. चालताना किंवा धावताना आपण पाय मागे ढकलतो. ब्लेड मात्र लांबीच्या दिशेने घसरतं, त्यामुळे सरळ मागे ढकलून जोर मिळत नाही. पाय बाहेर वळवून, ब्लेडच्या आतल्या धारेवर, बाजूला आणि थोडं मागे ढकलावं लागतं. म्हणून समोरून किंवा पाठीमागून पाहिलं की सराईताचे पाय रुंद उलट्या व्हीसारखे फाकलेले दिसतात, आणि तो फाकलेला पाय गुडघ्यात जवळजवळ सरळ झालेला असतो. आधाराचा गुडघा वाकलेला, पावलाच्या पुढच्या टोकाच्या वर आलेला. बाजूने पाहताना ढकलणारा पाय लांबीला कमी दिसतो, कारण तो तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून दूर गेलेला असतो. तो पूर्ण लांबीचा मागे काढला की माणूस बर्फावर धावताना दिसतो. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

वळणावरचा झुकाव हा दुसरा मुद्दा. उभ्या माणसात मानेच्या खळगीतून सोडलेली लंबरेषा आधाराच्या पावलाजवळ पडते. वळण घेणाऱ्यात ती पडत नाही, पडली तर चित्र चुकलं. वेग आणि वळणाची त्रिज्या यांवर कोन ठरतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने ७ मीटर त्रिज्येच्या वळणावर तो साधारण १४ अंश येतो, म्हणजे मिनिटकाटा बारावरून अडीच मिनिटं सरकल्यावर जितका कलतो तितका. नवखे चित्रकार एक तर माणूस सरळ उभा ठेवतात, नाही तर अतिशयोक्ती करून ४५ अंशांवर पाडतात. झुकाव कंबरेपासून वर काढू नका. बर्फाला टेकलेल्या बिंदूपासून डोक्यापर्यंत सगळं शरीर कलतं. खांदे मात्र सराईताचे बर्फाला बरेचसे समांतर राहतात. याच वळणावर अनुभवी लोक उजवा पाय डाव्यावरून पुढे टाकतात. त्या क्षणी पाय गुंतल्यासारखे वाटतात. तेव्हा वर असलेला पाय आधी काढा, खालचा त्याच्या मागून डोकावू द्या.

नवख्या माणसांना मात्र मनापासून वेळ द्या, कारण रिंकचं रोजचं आयुष्य त्यांच्यातच आहे. नवख्याचा गुडघा वाकत नाही, तो कमरेतून वाकतो. पार्श्वभाग मागे, छाती पुढे, मान खाली, नजर पावलांवर. हात दोन्ही बाजूंना, बोटं ताणलेली. घोटे आत कोसळलेले असतात, त्यामुळे पाठीमागून पाहिलं की दोन्ही बुटांचे वरचे काठ एकमेकांकडे कललेले आणि ब्लेडं खाली बाहेर गेलेली दिसतात. एवढी एकच खूण नीट काढली तरी माणूस पहिल्यांदा बर्फावर आलाय हे कळतं. कठडा धरलेला असेल तर जवळचा खांदा वर उचललेला असतो आणि पाय शरीराच्या पुढे निसटत असतात, त्यामुळे भार हातावर आलेला दिसला पाहिजे. कोपर ताठ, मनगट कठड्याच्या कडेवर. लहान मुलं आधाराची चौकट ढकलत येतात. त्यांची पाठ ४५ अंशांपर्यंत वाकलेली असते आणि पाय चौकटीच्या बरेच मागे राहतात.

मुलांचं प्रमाणही मोठ्यांसारखं नसतं. डोक्याची उंची हे माप धरलं तर पाच-सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण साडेपाच ते सहा डोकी, त्यावर हेल्मेट किंवा जाड टोपी, म्हणजे दिसायला पाचच. मोठ्यांमध्येही टोपी आणि जाड जाकीट मिळून साडेसात डोक्यांचा माणूस साडेसहाचा वाटतो. पुस्तकी प्रमाण इथे लावू नका. जाकिटाच्या आतलं शरीर जिथे कपड्याला टेकतं तेवढ्याच जागा पकडा: खांद्याचा माथा, कोपराचं टोक, गुडघ्याची वाटी, आणि सुरकुत्या जिथे गोळा होतात तो कोपराचा आतला भाग व गुडघ्याची मागची बाजू. बाकी कडा सैल सोडा. वेग दाखवायला मागे रेघोट्या ओढायची गरज नाही. मफलरचं टोक आणि जाकिटाची खालची कड मागे गेली की पुरतं. आणि वेग नसलेल्या माणसाचा मफलर सरळ खाली लटकू द्या, म्हणजे दोघांतला फरक दिसेल.

पावलं हा जवळून बघायचा भाग आहे. फिगर स्केटच्या बुटाला टाच असते, ब्लेड सुमारे ४ मिलिमीटर जाडीचं, पुढच्या टोकाला दाते असलेलं आणि मागे टाचेच्या जरा बाहेर गेलेलं. हॉकी स्केटचं ब्लेड सुमारे ३ मिलिमीटरचं, दोन्ही टोकांना गोलसर, प्लास्टिकच्या धारकात बसवलेलं, आणि दाते नाहीत. दोन्हींत बुटाचा तळ आणि बर्फ यांच्यामध्ये मोकळी जागा असते, आणि त्यातून मागचा पांढरा बर्फ दिसतो. पानावर १० सेंटिमीटर उंचीची आकृती असेल तर ही जागा जेमतेम ३-४ मिलिमीटर येते. तरीही ती सोडा. ती बुजली की साधा बूट होतो आणि सगळी आकृती बर्फावर उभी असल्यासारखी वाटते. ब्लेड एका ठाम रेषेने काढा, आणि त्याच्या लगोलग खाली सावलीचा किंवा प्रतिबिंबाचा गडद ठिपका द्या. तो नसेल तर माणूस हवेत तरंगतो. घोट्यावरही लक्ष असू द्या: बूट टणक असल्याने पाय घोट्यात फार कमी वाकतो, कोन गुडघ्यात पडतो.

हात गार पडले किंवा कंटाळा आला की बाकांकडे वळा. लेस बांधणारा माणूस दोन-तीन मिनिटं तशाच स्थितीत राहतो. एक पाय पुढे, ब्लेडची टाच रबरी चटईत रुतवलेली, पाठ गोल, दोन्ही मुठींत लेसची टोकं, कोपरं बाहेर आणि वर. बुटाच्या प्रत्येक हुकापाशी तो थांबून खेचतो, तेव्हा खांदे उचलले जातात आणि डोकं त्यांच्यात बुडतं. मुलाच्या बुटांच्या लेस बांधणारी आई किंवा वडील गुडघ्यावर बसलेले असतात आणि तोल सावरायला मूल त्यांच्या खांद्यावर किंवा डोक्यावर हात ठेवतं. दोन आकृत्यांचा एकच त्रिकोण तयार होतो. ही दृश्यं अर्ध्या पानाच्या आकाराने, निवांत काढा. रिंकची वही नुसत्या घसरणाऱ्या माणसांनी भरली की एकसुरी होते.

दृश्य मांडताना आधी नजरेची पातळी, म्हणजेच क्षितिजरेषा, ठरवा. तुम्ही बर्फाच्याच पातळीवर उभे असाल तर जवळच्या आणि दूरच्या सगळ्या प्रौढांची डोकी क्षितिजरेषेच्या आसपास येतात, स्केट्समुळे थोडी वरच. दूरची माणसं लहान होतात ती पायांकडून. बाकावर बसलात तर क्षितिजरेषा साधारण सगळ्यांच्या छातीखालून जाते, जवळच्याच्याही आणि लांबच्याच्याही. वरच्या पायऱ्यांवरून पाहत असाल तर क्षितिज डोक्यांच्या वर जातं आणि माणसं बर्फावर पसरलेली दिसतात. गर्दी दाखवायची असेल तर वरची जागाच घ्या. डच चित्रकार हेंड्रिक अ‍ॅव्हरकाम्प (१५८५–१६३४) यांनी गोठलेल्या पाण्यावरची गर्दी रंगवताना सुरुवातीच्या चित्रांत क्षितिज खूप वर ठेवलं. त्यामुळे शेकडो माणसं एकमेकांना न झाकता मावतात. खालच्या पातळीवरून तेच करायला गेलं की डोक्यांची एक रांग आणि खाली पायांचं जंगल उरतं.

बर्फाच्या पातळीवरून काढताना कठड्याचा उपयोग करून घ्या. त्याची उंची साधारण १.१ ते १.२ मीटर असते, म्हणजे पलीकडच्या जवळच्या माणसांचे पाय झाकले जातात. नवशिक्याला हा दिलासा वाटतो, पण सगळ्यांनाच कमरेपर्यंत कापलं तर स्केटिंग दिसतच नाही. दोन-तीन आकृत्या आत, पूर्ण पायांसह हव्यात. फेरीचा मार्ग आधी हलक्या लंबवर्तुळाने आखा आणि माणसं त्यावर बसवा. सारख्या अंतरावर कधीच नको: तिघांचा घोळका, मग मोकळा बर्फ, मग एकटा, मग कठड्याला चिकटलेली रांग. मोकळा बर्फ ठेवायला घाबरू नका. माणूस कुठे जाणार आहे हे त्या रिकाम्या जागेवरूनच कळतं.

बर्फ पांढरा समजून कागद तसाच सोडणं ही नेहमीची गफलत. उघड्यावरचा नैसर्गिक बर्फ शेजारच्या हिमापेक्षा गडद असतो, राखाडी-निळसर, आणि त्यात आकाशाची व लोकांची छटा उतरते. बंदिस्त रिंकचा बर्फ पांढरा रंगवलेला असतो, तरी दूरच्या कडेला तो कठड्याचा रंग घेतो. बर्फ साफ करणारं यंत्र फिरून गेलं की मजा बघा. फ्रँक झांबोनी यांनी १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट इथे असं पहिलं यंत्र तयार केलं. ते वरचा खरवडलेला थर काढून गरम पाण्याचा पातळ थर पसरवतं. त्यानंतर काही वेळ बर्फ आरशासारखा असतो आणि प्रत्येक माणसाखाली उभं प्रतिबिंब पडतं. जसजशी ब्लेडं फिरतात तसतसा पृष्ठभाग ओरखड्यांनी धूसर होतो आणि प्रतिबिंब विरतं. म्हणून प्रतिबिंब काढायचं तर सत्राची पहिली दहा-पंधरा मिनिटं वापरा, पोत आणि ओरखडे काढायचे तर शेवटची. ओरखडे फेरीच्या दिशेने वळणारे, मोजकेच द्या. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनात १७९० च्या दशकातलं, स्कॉटिश चित्रकार हेन्री रेबर्न यांच्या नावावर असलेलं काळ्या पोशाखातल्या धर्मोपदेशकाचं चित्र आहे. त्यात एक पाय टेकलेला, दुसरा मागे, हात छातीवर बांधलेले. तो बाजूने, शांतपणे घसरत चाललाय. आधाराच्या पायाची रेषा कशी काम करते हे पाहायला ते उत्तम आहे.

साहित्य थोडकंच ठेवा. ए५ आकाराची कडक पुठ्ठ्याची वही, कोपऱ्यांना दोन क्लिपा, करड्या रंगाची पानं असतील तर फार चांगलं: गडद पेन्सिलने माणूस आणि पांढऱ्या पेन्सिलने बर्फाची चमक, मधली छटा कागदच देतो. ४बी ते ६बी, म्हणजे मऊ आणि गडद, शिसपेन्सिल थंडीत बिघडत नाही, म्हणून मुख्य साधन तेच. जाड शिशाची ५.६ मिलिमीटरची क्लच पेन्सिल हातमोज्यातूनही पकडता येते. बारीक मेकॅनिकल पेन्सिलीचं शिसं बधिर हाताखाली सतत तुटतं. बॉलपेनची शाई गारठून घट्ट होते आणि रेषा तुटक येते. मेणाच्या रंगपेन्सिली कडक होऊन फिक्या उमटतात. त्या जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवून एकेक काढा. जलरंग शून्याखाली कागदावरच गोठतात आणि पाण्याच्या ब्रशचं टोक आधी बंद पडतं. ४० टक्के अल्कोहोलचा व्होडका आणि पाणी समसमान घेतलं तर साधारण उणे ७-८ अंशांपर्यंत काम चालतं, पण रंग लवकर पसरतो आणि कडा हवी तशी राहत नाही. माझ्या मते जागेवर फक्त छटा घ्याव्यात आणि रंगांची नावं कडेला लिहावीत.

हातांसाठी पातळ लोकरी मोजा आणि त्यावर बोटं उघडी पडणारा जाड मोजा. दहा मिनिटं काढून दोन मिनिटं हात खिशात, हे बोटं सुन्न होण्याआधीच पाळा. पायाखाली फोमचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घाला, थंडी जास्त करून तिथूनच चढते. वहीवर श्वास सोडू नका, कागद दमट होऊन शिसं चिकटत नाही. कठड्याच्या दारापाशी उभं राहू नका आणि कठड्यावर साहित्य ठेवू नका. तोल गेलेला माणूस तिथेच येऊन आदळतो. गोठलेल्या तळ्यावर असाल तर काठावरून काढा. लहान मुलांना काढताना पालकांची नजर तुमच्याकडे गेली तर वही उघडून दाखवा, तेवढ्याने बहुतेक वेळा काम होतं.

फोटो काढून घरी बसून काढायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या. कॅमेरा कुठलाही क्षण थांबवतो, आणि बहुतेक क्षण दोन हालचालींच्या मधले असतात. त्यात माणूस अडखळल्यासारखा दिसतो. डोळ्याला लक्षात राहतं ते टोक: पाय पूर्ण ताणलेला किंवा दोन्ही पाय एकत्र येऊन शरीर खाली बसलेलं. म्हणून फोटोतून कपडे, बुटांची बनावट आणि मागची इमारत घ्या. अंगस्थिती जागेवरच्या तीन रेषांचीच ठेवा. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी ब्लेडखालचे गडद ठिपके, टोप्या-मफलरांच्या छटा आणि दूरचा कठडा भरा. आधाराच्या पायाची ती पहिली रेषा खोडू नका, तिच्या शेजारून दुसरी रेषा गेली तरी चालेल.